सोशल मीडियावरची मन वळवणारी भाषा कॉम्प्युटरने कशी पकडायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

"सगळं शहर जागं झालंय, तू अजून झोपलायस का?" ही एक ओळ घ्या. यात माहिती किती आहे बघा, कोण जागं झालं, कशासाठी, किती जण, काहीच सांगितलेलं नाही, तरी वाचल्यावर आपण मागे राहिलो की काय असं वाटून जातं. हे जे "वाटून जातं" आहे ना ते घडवून आणणारी भाषा लाखो पोस्टमधून शोधून काढायची, हा आपला विषय. दिसायला सोपा वाटतो, एक मॉडेल घेतलं, डेटा टाकला, झालं. पण मी जितक्यांना हे काम अर्ध्यात सोडताना बघितलंय ते सगळे मॉडेलपाशी नाही तर त्याच्या खूप आधी अडकलेत, म्हणजे आपण नक्की काय शोधतोय हेच ठरलेलं नव्हतं. म्हणून या लेखात मॉडेल बरंच उशिरा येईल, घाई करू नका.

पायरी १: काय शोधायचं नाही ते आधी लिहून काढा

मन वळवणं म्हणजे खोटं बोलणं नाही. "आजच हेल्मेट घाला, तुमची मुलं घरी वाट बघतायत" यात भावनेला सरळ हात घातलाय आणि सांगितलेलं शंभर टक्के योग्य आहे. उलट अगदी कोरड्या, आकडेवारीच्या भाषेत धडधडीत खोटं सांगता येतं. त्यामुळे खरं-खोटं तपासणं हे वेगळं काम, द्वेषपूर्ण भाषा शोधणं वेगळं, पोस्ट सकारात्मक आहे की नकारात्मक हे वेगळं, आणि बनावट अकाउंट्स एकत्र येऊन एकच गोष्ट पसरवतायत का हे तर पूर्णच वेगळं, कारण तिथे मजकुरापेक्षा वेळा आणि जाळं बघावं लागतं. आपण फक्त एवढंच विचारतोय की या वाक्यात मन वळवण्याची कोणती क्लृप्ती वापरलीय आणि ती नक्की कोणत्या शब्दांत आहे. हे एका कागदावर लिहा आणि समोर चिकटवून ठेवा, कारण तिसऱ्या आठवड्यात तुम्ही स्वतःच "ही पोस्ट खोटी आहे म्हणून हिला लेबल लावूया" असं करायला लागता, सगळ्यांचंच होतं.

पायरी २: क्लृप्त्यांची यादी निवडा, पण छोटी

ॲरिस्टॉटलने वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद अशी तीन साधनं सांगितली होती, ती आजही विचार करायला उपयोगी पडतात पण लेबल म्हणून फार मोठी आहेत. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा ॲनालिसिस नावाची संस्था निघाली, तिने लोकांना शिकवण्यासाठी सात क्लृप्त्या मांडल्या, त्यात शिक्का मारणं, गोड पण पोकळ शब्द वापरणं, "सगळे करतायत" म्हणणं असे प्रकार होते. आज वापरल्या जाणाऱ्या याद्यांमध्ये या सातातलं बरंच काही ओळखीचं सापडतं.

कॉम्प्युटरच्या बाजूने बघायचं तर २०१९ साली बातम्यांच्या ४५१ लेखांचा एक डेटासेट आला, त्यात १८ क्लृप्त्या वाक्याच्या तुकड्या-तुकड्यावर खुणा करून दाखवल्या होत्या. त्यावर २०२० मध्ये सेमइव्हल या स्पर्धेत एक टास्क ठेवला गेला आणि तिथे १८ च्या १४ झाल्या. का झाल्या हे लक्षात ठेवा कारण तुमच्यासोबत हेच होणारय. काही क्लृप्त्यांची उदाहरणं इतकी कमी होती की समोरच्याच्या तोंडी न बोललेलं घालणं, विषयाला फाटे फोडणं आणि "तेव्हा कुठे होतात" हे तीन प्रकार एकत्र करावे लागले, "सगळे करतायत" म्हणणं आणि समोरच्याला हिटलरच्या रांगेत बसवणं हे दोन एकत्र केले, आणि मुद्दाम संदिग्ध बोलण्याचा प्रकार तर काढूनच टाकला. २०२१ मध्ये मीम्ससाठी २२ क्लृप्त्या घेतल्या, २०२३ मध्ये अनेक भाषांतल्या बातम्यांसाठी २३ घेतल्या आणि त्या सहा मोठ्या गटांत बसवल्या: प्रतिष्ठेवर हल्ला, समर्थन, सुलभीकरण, लक्ष विचलित करणं, कृतीचं आवाहन, आणि भाषेची हातचलाखी.

नवख्याने २३ घेऊ नयेत, माझं हे ठाम मत आहे. पाच घ्या. मी सुचवेन त्या अशा: भडक शब्द ("लचके तोडतायत", "वाट लावली"), शिक्का मारणं ("विकले गेलेले", "चमचे"), भीती घालणं ("आज गप्प बसलात तर उद्या काही उरणार नाही"), "एक तर हे नाहीतर ते" ("पाठिंबा द्या नाहीतर तुम्ही त्यांचेच"), आणि "तेव्हा कुठे होतात" ("आज झाडांबद्दल बोलताय, गेल्या वर्षी रस्ता खोदला तेव्हा कुठे होतात?"). पहिल्या दोन खूप सापडतील, शेवटच्या दोन कमी, आणि हा असमतोल कसा हाताळायचा हे शिकायला एवढ्या पुरेत.

पायरी ३: नुसतं वाचा

लेबल न लावता दोनशे-तीनशे पोस्ट वाचा. हो, हाताने, एकेक करून. याला पर्याय नाही. वाचताना वहीत टिपत जा की तुम्हाला कुठे खटकलं आणि कोणत्या शब्दाने.

मराठीत हे करताना काही गोष्टी अशा दिसतील ज्या इंग्रजी डेटासेटच्या नियमावलीत कुठेच नाहीत. "म्हणे" हा शब्द बघा. "तज्ज्ञांनी अहवाल दिला" आणि "तज्ज्ञांनी अहवाल दिला म्हणे" यात दुसऱ्या वाक्याने एका शब्दात तज्ज्ञांवर संशय पेरला. "अभ्यास-बिभ्यास", "पुरावे-बिरावे" असं जोडून बोललं की त्या गोष्टीची किंमतच काढून घेतली जाते. "आपण" आणि "आम्ही" यातला फरक तर फार मोठा आहे, "आपण" म्हणताना बोलणारा वाचणाऱ्याला न विचारता आपल्या गोटात ओढून घेतो, आणि मग लगेच पुढच्या वाक्यात "ते" येतात. ज्याला सगळे "ते आले, ते म्हणाले" म्हणतात त्याचा अचानक "तो आला, तो म्हणतो" असा एकेरी उल्लेख सुरू झाला की हल्ला सुरू झालेला असतो, एकही शिवी न देता. आणि "च". "हेच लोक", "त्यांनीच", "आत्ताच". एका अक्षराने कारणं दाखवण्याचं काम उरकलेलं असतं.

यातलं प्रत्येक वेळी क्लृप्ती असेलच असं नाही, साध्या बोलण्यातही "म्हणे" येतं ("उद्या पाऊस आहे म्हणे"). पण तुमची नियमावली लिहिताना हे सगळं उदाहरणांसकट आत जायला हवं.

पायरी ४: नियमावली आणि दोन माणसं

एकट्याने लेबल लावू नका. किमान दोन जण हवेत, आणि शक्यतो दोघांची मतं राजकीयदृष्ट्या एकसारखी नसलेली बरी, कारण आपल्या आवडत्या बाजूची क्लृप्ती आपल्याला "स्पष्ट बोलणं" वाटते आणि दुसऱ्या बाजूची लगेच "भडकवणं" वाटते. हे कुणी वाईट हेतूने करत नाही, ते दिसतच नाही.

प्रत्येक क्लृप्तीसाठी नियमावलीत चार गोष्टी लिहा: एका वाक्यात व्याख्या, तीन स्पष्ट उदाहरणं, तीन अशी उदाहरणं जी तशी वाटतात पण नाहीत, आणि दुसऱ्या कोणत्या क्लृप्तीशी गल्लत होते व तेव्हा काय करायचं. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक गाळतात. उदाहरणार्थ "भीती घालणं" मध्ये "नदीची पातळी वाढतेय, काठावरच्या लोकांनी रात्रीपर्यंत हलावं" हे बसत नाही, कारण इथे धोका ठोस आहे, काय करायचं ते सांगितलंय आणि दुसऱ्या कुणाविरुद्ध मन वळवायला तो वापरलेला नाही.

खूण करताना अख्ख्या पोस्टला लेबल लावायचं की नेमक्या शब्दांना? मी म्हणेन नेमक्या शब्दांना. याला स्पॅन म्हणतात. काम वाढतं, पण "ही पोस्ट भीती घालते" यावर दोन माणसं तासभर भांडू शकतात आणि "हे सात शब्द भीती घालतायत" यावर पाच मिनिटांत निकाल लागतो. स्पॅनवरून पोस्टचं लेबल नंतर केव्हाही काढता येतं, उलट मात्र होत नाही.

एक अडचण इथे हमखास येते. कुणीतरी दुसऱ्याचं वाक्य उद्धृत करून त्यावर टीका करतं: "हे म्हणतात 'पाठिंबा द्या नाहीतर तुम्ही शत्रू', ही काय भाषा झाली?" इथे क्लृप्ती आहे, पण लिहिणाऱ्याची नाही. माझा सल्ला, अशांसाठी "उद्धृत" अशी वेगळी खूण ठेवा. उपरोधासाठीही वेगळी खूण ठेवा. सुरुवातीला वाटतं अशी किती असतील, पण वादाच्या विषयावर लोक एकमेकांची वाक्यं सतत उचलून लिहितात आणि मॉडेलच्या चुकांमध्ये ही नंतर ढिगाने सापडतात.

आता दोघांनी वेगवेगळं बसून त्याच शंभर पोस्ट लेबल करायच्या आणि जुळवून बघायचं. नुसती टक्केवारी बघू नका, ती फसवते. समजा दोघंही साधारण २० टक्के पोस्टना "भडक शब्द" म्हणतायत. मग दोघांनी डोळे मिटून लेबल लावली तरी योगायोगाने ६८ टक्के जुळतील (दोघं हो म्हणण्याची शक्यता ४ टक्के, दोघं नाही म्हणण्याची ६४ टक्के). तुमचं जुळणं ८५ टक्के आलं तर ते भारी वाटतं, पण योगायोग वजा केला की उरतात १७, आणि योगायोगाच्या पलीकडे मिळवण्यासारखे होते ३२, म्हणजे ०.५३. हाच कोहेनचा कप्पा (kappa, ग्रीक अक्षर), जेकब कोहेनने १९६० मध्ये मांडलेला. दोनपेक्षा जास्त माणसं असली किंवा काही लेबल रिकामी असली तर क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे त्याच जातीचं माप वापरा.

०.५३ आला म्हणून निराश होऊ नका, या विषयात पहिल्या फेरीत असाच येतो. जिथे जुळलं नाही त्या पोस्ट घेऊन एकत्र बसा, कोण बरोबर हे न ठरवता नियमावलीतलं कोणतं वाक्य दोघांनी वेगळं वाचलं ते शोधा, ते वाक्य बदला, आणि नवीन शंभर पोस्ट घ्या. जुन्याच शंभरवर परत मोजायचं नाही, त्या आता दोघांना पाठ झाल्यात. अशा तीन फेऱ्या होईपर्यंत पुढे जाऊ नका. आणि तीन फेऱ्यांनंतरही एखादी क्लृप्ती जुळतच नसेल तर ती यादीतून काढा, जी गोष्ट दोन माणसांना सारखी दिसत नाही ती मॉडेलला शिकवता येत नाही.

दिवसभर असा मजकूर वाचून डोकं जड होतं हेही सांगून ठेवतो. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त नको, आणि सोबतच्या माणसालाही ते आधी सांगा.

पायरी ५: डेटा कुठून आणि कसा

पूर्वी ट्विटरचा डेटा फुकट मिळायचा, २०२३ मध्ये ते बंद झालं. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्टसाठी संशोधक क्राउडटँगल वापरायचे, तेही १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. त्यामुळे जुने ट्युटोरियल बघून सुरुवात केली तर पहिल्याच पायरीला भिंत लागेल. आज नवख्यासाठी सोपा रस्ता म्हणजे आधीच प्रसिद्ध झालेले डेटासेट घेणं, किंवा ज्या प्लॅटफॉर्मच्या अटी परवानगी देतात तिथून थोडाच डेटा घेणं. हजार-दोन हजार नीट लेबल केलेल्या पोस्ट पुरतात सुरुवातीला.

गोळा करताना सगळ्यात मोठा सापळा आहे कीवर्डचा. तुम्ही "गद्दार" शब्द शोधून पोस्ट जमवल्या तर मॉडेल "गद्दार" शब्द ओळखायला शिकेल, क्लृप्ती नाही. दुसरा सापळा विषयाचा: भीती घालणाऱ्या सगळ्या पोस्ट जर लसीबद्दलच्या असतील तर मॉडेलच्या दृष्टीने लस म्हणजेच भीती, मग "लस घेतली, हात थोडा दुखतोय" याही पोस्टला ते लेबल लावेल. म्हणून किमान चार-पाच वेगळे विषय घ्या, आणि प्रत्येक विषयात क्लृप्ती असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही पोस्ट येतायत ना ते बघा.

मग डुप्लिकेट. एकच मजकूर दोन शब्द बदलून शेकडो जण टाकतात. असा मजकूर ट्रेनिंगमध्येही (मॉडेलला शिकवायच्या पोस्टमध्ये) आला आणि टेस्टमध्येही (मॉडेलला तपासायच्या पोस्टमध्ये) आला तर तुमचा स्कोअर खोटा चढतो. हुबेहूब सारखे काढणं सोपं आहे, जवळपास सारखे शोधायला मिनहॅश नावाची पद्धत आहे, लायब्ररी तयार मिळते. आणि वाटणी करताना पोस्ट पत्त्यांसारख्या पिसून वाटू नका, एका लेखकाच्या सगळ्या पोस्ट एकाच बाजूला ठेवा आणि जमलं तर टेस्टसाठी नंतरच्या काळातल्या पोस्ट ठेवा.

नावं, युजरनेम, फोन नंबर आधीच काढून टाका. सार्वजनिक पोस्ट म्हणजे त्या माणसाने तुमच्या अभ्यासात यायला होकार दिला असं होत नाही.

पायरी ६: मजकूर साफ करणं, आणि देवनागरीचे खड्डे

इथे जरा थांबतो कारण यावर मराठीत कुणी फारसं लिहीत नाही आणि यात लोकांचे आठवडे जातात.

पहिली गोष्ट, इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सांगतात तशी विरामचिन्हं, इमोजी, हॅशटॅग काढून टाकू नका. आपला विषयच तो आहे. "!!!", अवतरणचिन्हात घातलेला 'विकास', रागाचा इमोजी, हे सगळं मन वळवण्याचं साहित्य आहे. "स्टॉपवर्ड" (सतत येणारे, बिनकामाचे धरलेले शब्द) म्हणून "तर", "पण", "ही", "च" काढायच्या याद्या मिळतात, त्याही वापरू नका.

दुसरी, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या स्कायकिट-लर्न लायब्ररीची शब्द तोडण्याची जी मुळातली सेटिंग आहे ती देवनागरीचा चुरा करते. तिच्या नियमात मात्रा आणि हलंत ही "अक्षरं" धरलेली नाहीत, त्यामुळे शब्द प्रत्येक मात्रेपाशी तुटतो आणि वर एकट्या अक्षराचे तुकडे फेकले जातात. परिणाम काय होतो बघा: "गद्दार" चा उरतो "गद", "मतदान" चा "मतद", आणि "भीती" पूर्ण गायब होतो, कारण भ आणि त दोन्ही एकटे पडतात. प्रोग्राम चूक झाल्याचा मेसेज देत नाही, स्कोअरही काहीतरी येतो, आणि आपल्याला वाटतं मॉडेल कमकुवत आहे. उपाय सोपा आहे, शब्द मोकळ्या जागेवर तोडायला सांगा किंवा अक्षरांच्या तुकड्यांवर काम करा. पण आधी दहा वाक्यांचे टोकन (तोडून मिळालेले तुकडे) छापून डोळ्यांनी बघा, ही सवय लावूनच घ्या.

तिसरी, बर्ट नावाचं आधीच शिकवलेलं भाषेचं मॉडेल आहे, त्याच्या अनेक भाषांच्या रूपाची एक "अनकेस्ड" (इंग्रजीतली मोठी-लहान अक्षरं एकच धरणारी) आवृत्ती आहे जी लॅटिन अक्षरांवरच्या खुणा पुसते, पण तोच नियम उकार, वरची मात्रा, अनुस्वार अशा देवनागरी खुणांनाही लागू पडतो. "मूल", "मुले", "मेल" तिघांचं "मल" होतं. म्हणून कायम "केस्ड" आवृत्ती घ्या.

चौथी, "दुसऱ्या" मधला ऱ्य दोन वेगळ्या पद्धतीने टाईप होतो, दिसतो अगदी सारखा पण आतले कोड वेगळे, त्यात एका पद्धतीत न दिसणारं जोडचिन्ह असतं. शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत ते यामुळे. दोन्ही एका रूपात आणा. न दिसणारी चिन्हं सरसकट उडवू नका, काही इमोजी त्यांच्यावरच उभे असतात.

पाचवी स्पॅनबद्दल. खूण कुठे सुरू आणि कुठे संपली हे आकड्यांत साठवलं जातं. ब्राउझरमध्ये चालणारी काही टूल्स एक इमोजी म्हणजे दोन जागा धरतात, पायथन एक धरतं, मग इमोजीनंतरच्या सगळ्या खुणा एकेक घर सरकतात. दर वेळी खुणेतला मजकूर परत छापून तोच आहे ना ते तपासा.

पायरी ७: आधी साधं मॉडेल

लॉजिस्टिक रिग्रेशन (प्रत्येक तुकड्याला वजन देऊन हो-नाही ठरवणारं साधं मॉडेल), सोबत टीएफ-आयडीएफ (सगळीकडे येणाऱ्या तुकड्यांना कमी आणि मोजक्याच पोस्टमध्ये येणाऱ्यांना जास्त महत्त्व देणारी मोजणी), आणि शब्दांऐवजी दोन ते पाच अक्षरांचे तुकडे. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होतं. मराठीत प्रत्यय चिकटतात (गद्दारांनी, गद्दारांच्या, गद्दारीचा) म्हणून अक्षरांचे तुकडे शब्दांपेक्षा बरे चालतात.

या मॉडेलचा खरा फायदा स्कोअर नाही. कोणत्या तुकड्यांना सगळ्यात जास्त वजन दिलं ते छापून बघता येतं. तिथे एखाद्या नेत्याचं किंवा गावाचं नाव वर आलं तर समजा डेटा गोळा करण्यातच चूक झाली, परत पायरी ५.

पायरी ८: मग मोठं मॉडेल

२०१९ चं एक्सएलएम-रोबर्टा शंभर भाषांवर शिकवलेलं आहे आणि त्यात मराठी आहे, म्युरिल खास भारतीय भाषांसाठी केलेलं आहे, आणि एल-थ्री-क्यूब या संशोधन गटाचं महाबर्ट मराठीसाठी. तिन्ही फुकट मिळतात, तिन्ही करून बघा, कोणतं जिंकेल हे तुमच्या डेटावर ठरतं.

एका पोस्टमध्ये तीन क्लृप्त्या असू शकतात, म्हणून "यातली एकच निवड" अशी रचना चालत नाही, प्रत्येक लेबलचा हो-नाही निर्णय स्वतंत्र हवा. स्पॅनसाठी प्रत्येक टोकनला "सुरुवात, आत, बाहेर" अशी खूण शिकवतात, पण दोन क्लृप्त्या एकमेकांवर चढल्या की ती कोलमडते, तेव्हा प्रत्येक क्लृप्तीसाठी वेगळी खूणरांग ठेवा. दुर्मिळ लेबलला ट्रेनिंगमध्ये जास्त वजन द्या. मॉडेल प्रत्येक लेबलला ० ते १ मधली शक्यता देतं, ती कितीच्या वर गेली की "हो" म्हणायचं ही सीमा सगळ्यांसाठी ०.५ ठेवू नका, प्रत्येक लेबलची वेगळी काढा, पण ती काढायला टेस्टच्या पोस्ट वापरायच्या नाहीत, त्यासाठी वेगळा गठ्ठा ठेवा.

पोस्ट कशाला उत्तर म्हणून लिहिलीय तेही मॉडेलला द्या. "तेव्हा कुठे होतात" हा प्रकार वरची पोस्ट वाचल्याशिवाय माणसालाही नीट कळत नाही.

चॅटबॉट पद्धतीच्या मोठ्या मॉडेलला सरळ विचारलं तर? विचारा, चालतं बऱ्यापैकी, पण तीन अटींवर. तुमची व्याख्या आणि "वाटतं पण नाही" ची उदाहरणं प्रश्नात द्या. "यात कोणती क्लृप्ती आहे" असं विचारू नका, त्या प्रश्नातच आहे असं गृहीत धरलंय, "काहीच नाही" हे उत्तर बरोबरीचा पर्याय म्हणून समोर ठेवा. आणि उत्तरासोबत पोस्टमधले नेमके शब्द जसेच्या तसे मागा आणि ते शब्द पोस्टमध्ये खरंच आहेत का ते प्रोग्रामने तपासा, नसतील तर ते उत्तर बाद. त्याचा स्कोअरही तुमच्या हाताने लेबल केलेल्या टेस्टवरच मोजायचा.

पायरी ९: मोजणं

अचूकतेची टक्केवारी विसरून जा. भीती घालणाऱ्या पोस्ट २ टक्के असतील तर दर वेळी "नाही" म्हणणारा प्रोग्राम ९८ टक्के अचूक ठरतो. प्रत्येक लेबलचं प्रिसिजन (दाखवलेल्यांपैकी खऱ्या किती), रिकॉल (खऱ्यांपैकी सापडल्या किती) आणि एफ-वन (दोन्ही मिळून एक आकडा) वेगवेगळं लिहा, आणि सगळ्यांची साधी सरासरी म्हणजे मॅक्रो एफ-वन द्या, नाहीतर "भडक शब्द" एकटंच सगळा स्कोअर वर ओढतं.

आणि हा हिशेब एकदा हाताने करून बघा. १०,००० पोस्ट, त्यात भीती घालणाऱ्या २००. मॉडेल त्यातल्या ९० टक्के पकडतं, म्हणजे १८०. बाकीच्या ९,८०० पैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून बोट ठेवतं, म्हणजे ४९०. एकूण ६७० पोस्ट दाखवल्या, त्यात खऱ्या १८०, चारातली साधारण एक. मॉडेल कागदावर उत्तम आहे आणि तरी दाखवलेल्या चार पोस्टपैकी तीन निर्दोष माणसांच्या आहेत. मला हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा आधी केलेलं एक काम परत उघडून त्यातले निष्कर्ष बदलावे लागले होते.

अपेक्षाही जमिनीवर ठेवा. २०२० च्या त्या स्पर्धेत स्पॅन शोधण्यात पहिल्या आलेल्या टीमचा एफ-वन ५२ च्या आसपास होता आणि प्रकार ओळखण्यात ६२ च्या आसपास. तुमचा पहिल्या आठवड्यात ९० आला तर आनंद करण्याआधी डुप्लिकेट तपासा.

पायरी १०: मॉडेलला त्रास द्या

टेस्टमधल्या पन्नास पोस्ट घ्या आणि त्यातला फक्त गट बदला. "शिक्षकांनी वाट लावली" च्या जागी "व्यापाऱ्यांनी वाट लावली", "आंदोलक" च्या जागी "अधिकारी". लेबल बदलायला नको. बदललं तर मॉडेल भाषा न बघता माणसं बघतंय. मग क्लृप्ती काढून मुद्दा तसाच ठेवा ("रस्त्याचं काम दोन वर्षं अडलंय"), आता लेबल जायला हवं. मग उद्धृत केलेली वाक्यं द्या. मग उपरोध द्या. चुकीच्या उत्तरांना हातानेच गटांत लावा, प्रत्येक गटात किती ते लिहा, आणि वादाच्या दोन्ही बाजूंच्या पोस्टवर चुकून बोट ठेवण्याचं प्रमाण सारखं आहे का ते वेगळं काढा. हे शेवटचं न करता कुणी निकाल जाहीर केला की "आमच्याच लोकांना पकडतात" हा आरोप येतो, आणि तेव्हा तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

पायरी ११: निकाल कसा दाखवायचा

"ही पोस्ट प्रोपगंडा आहे" असं स्क्रीनवर लिहू नका. "या सात शब्दांत भीती घातल्यासारखी वाटते" असं लिहा, ते शब्द रंगवा, खाली नियमावलीतली व्याख्या द्या आणि "मला पटत नाही" असं एक बटण ठेवा. वाचणारा स्वतः ठरवेल. पोस्ट आपोआप काढून टाकण्यासाठी किंवा माणसाला गुण देण्यासाठी हे वापरायला कुणी मागितलं तर पायरी ९ मधला ६७० आणि १८० चा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा आणि नाही म्हणा.

दर तीन महिन्यांनी शंभर ताज्या पोस्ट घेऊन दोघांनी पुन्हा हाताने लेबल लावायच्या. शब्द फार लवकर बदलतात, आज जो शिक्का आहे तो सहा महिन्यांनी कुणी वापरत नाही आणि एखादा निरुपद्रवी इमोजी टोमणा होऊन बसतो. स्कोअर किती घसरला ते लिहा, नियमावलीत नवीन उदाहरणं टाका, त्या शंभर पोस्ट ट्रेनिंगच्या गठ्ठ्यात घाला आणि पुढच्या वेळेच्या टेस्टसाठी नवीन शंभर बाजूला काढून ठेवा.